पत्त्याची पहिली ओळ

भूतान
३ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप बाबा,
सविनय जयभीम.

तुम्ही माझा फोन उचलत नाही. आईच्या फोनवर माझं नाव दिसलं तरी उठून बाल्कनीत जाता, हे आईनंच सांगितलं. म्हणून पत्र. ज्या माणसानं तीस वर्षं लखनौच्या पोस्टात बसून लोकांची भरकटलेली पत्रं उघडली, मालक शोधले आणि ठिकाणाला लावली, तो स्वतःच्या मुलीचं पत्र न वाचता ठेवणार नाही एवढा मला भरवसा आहे. आणि नाही वाचलंत तरी मी लिहिणारच. हट्ट कुणाकडून आलाय ते तुम्हाला ठाऊक आहे.

बातमी आईनं सांगितली असेल. तिसरा महिना संपला. तारीख दहा फेब्रुवारी. इथल्या लष्करी दवाखान्यात कॅप्टन सुरुची म्हणून डॉक्टर आहेत, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण ओरडतात आईसारख्या. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात आणि चढावरून ओझं आणण्यासारखी कामं बंद केलीत.

गावाचं नाव लिहायला परवानगी नाही. दोन डोंगरांमध्ये एक नदी आहे, लाकडी घरं आहेत, आणि इथल्या सैनिकांना शिकवायला आलेली आपली एक तुकडी आहे. त्या तुकडीत तुमच्या जावयाला, शिवाजीला, सगळे 'उस्ताद' म्हणतात. लखनौत हा शब्द गाणं शिकवणाऱ्याला लावतात, इथे दोरावरून नदी ओलांडायला शिकवणाऱ्याला.

मी नोकरी सोडलेली नाही. हे तुम्हाला नक्की कुणी सांगितलं नसणार. बँकेच्या हज़रतगंज शाखेत माझी बिनपगारी रजा मंजूर आहे, राजीनामा दिलेला नाही. लग्नाला सव्वा वर्ष झालं, या सव्वा वर्षात तुम्ही सगळ्या कॉलनीला 'पोरीनं हातची अफसरी टाकली' असं सांगत फिरलात. ते जरा थांबवा.

पाकिटाच्या मागे मी मुद्दाम 'प्राची गजभिये, द्वारा ९९ एपीओ' एवढंच, माझं नाव आणि फौजी डाकघर, लिहिलंय. जगदाळे लिहिलं नाही, शिवाजीचं नावही नाही. तुम्हाला ज्या नावाचा राग आहे ते तुमच्या दारात नको, म्हणजे तुम्ही पाकीट तरी फोडाल.

उत्तराची वाट पाहते.
प्राची


भूतान
११ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप बाबा,
सविनय जयभीम.

पत्र तिकडे पोचायला बारा दिवस लागतात. यायला बारा धरले. तुम्हाला विचार करायला वर आठवडा दिला. तरी काही नाही. ठीक आहे, मी पुन्हा लिहिते.

परवा पोटात पहिल्यांदा काहीतरी हललं. मी बटाटे सोलत होते. आधी वाटलं गॅस झाला असेल, मग पुन्हा हललं. हातातली सुरी ठेवली आणि भिंतीला टेकून बसले. पहिल्यांदा आठवण कुणाची आली सांगू? तुमची. का, ते मला माहीत नाही. आईची यायला हवी होती.

डोहाळे विचाराल तर मला आईच्या हातची सांबारवडी हवी आहे. इथे कोथिंबीर मिळते, आई मिळत नाही. इथले लोक मिरची मसाला म्हणून घालत नाहीत, मिरचीची भाजीच करतात, चीज घालून. दोन घास खाल्ले आणि कान गरम झाले. शिवाजी म्हणाला, "तुझं पोर वऱ्हाडी आणि सातारी दोन्ही आहे, त्याला झेपेल." तो बोलला की मला हसू येतं. तुम्ही त्याला एकदा धड बोलू दिलं असतं तर तुम्हालाही आलं असतं.

आता कामाचं. बत्तीस आठवडे झाले की इथे कुणाला ठेवत नाहीत. इथे ऑपरेशनची सोय नाही आणि बर्फ पडला की रस्ता बंद होतो. म्हणजे सोळा डिसेंबरच्या आत मला खाली उतरायचंच आहे. तीन जागा आहेत. एक साताऱ्याजवळ सासर. दोन, बंगालमधलं लष्करी इस्पितळ, तिथे एकटीनं दीड-दोन महिने राहायचं. तीन, इंदिरा नगरचं आपलं घर.

इथल्या बायका विचारतात, "डिलिवरी तो मायके में ही होगी ना?" मी म्हणते, "हाँ, लखनऊ. पापा ने बोल रखा है." तुम्ही काहीही बोलून ठेवलेलं नाही. पण एवढ्या बायकांसमोर काय सांगायचं? पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर आपल्याकडे कुणी विचारतही नाही, गृहीत धरतात.

मी गृहीत धरणार नाही. तुम्ही बोलवा, मी येते.

प्राची


भूतान
१४ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप बाबा,
सविनय जयभीम.

आज धम्मचक्र प्रवर्तन दिन. तुम्ही पांढरा सदरा घालून विहारात गेला असाल, तुमचा लेक सुगत गाडीवर सोडायला आला असेल आणि "बाबा, जल्दी करो ना" म्हणत गेटवर उभा असेल. मी इथे खिडकीत मेणबत्ती लावली आणि त्रिशरण म्हटलं. शेजारच्या म्हातारीनं दारातून ऐकलं. तिला आपले शब्द येत नाहीत, मला तिचे येत नाहीत, पण 'बुद्धं' ऐकल्यावर ती आत येऊन बसली आणि संपेपर्यंत हात जोडून राहिली. जाताना माझ्या पोटावर हात ठेवून गेली. तिचा हात होता तोवर मी सावरून होते. नंतर रडले.

बाबा, मला राग आलाय. दोन पत्रांना एका ओळीचं उत्तर नाही. 'पोचलं' एवढं तरी? तुम्हीच मला अआइई आधी पत्ता लिहायला शिकवलंत. नाव, घर, मोहल्ला, शहर, खाली पिनकोड. 'गोमती के उस पार, पान की दुकान के बग़ल में, मुन्नी की अम्मा' असल्या पत्त्यावरची पत्रं तुम्ही पोचवलीत आणि जेवताना आम्हाला त्या गोष्टी सांगितल्यात. अनोळखी मुन्नीच्या अम्मासाठी एवढी तळमळ आणि माझ्यासाठी काही नाही?

तो एक दिवस मनात धरून बसलाय तुम्ही. लग्नाच्या आदल्या दिवशी शिवाजीच्या घरचे पाच जण इंदिरा नगरला आले, बसले, आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे आपल्या घरचं पाणी कुणी घेतलं नाही. ते गेल्यावर तुम्ही म्हणालात, "ज्या घरानं माझ्या घरचं पाणी घेतलं नाही, त्या घराचं नाव माझ्या लेखणीतून उतरणार नाही." मी तेव्हाच सांगितलं होतं आणि आत्ताही सांगते, तुमचा गैरसमज झाला. सगळ्यांनी पाणी घेतलं. ट्रे मी उचलला, मला ठाऊक आहे.

आणि समजा नसतं घेतलं, तरी त्यात शिवाजीचा काय गुन्हा? तो दुसऱ्या दिवशी नोंदणी झाल्यावर आपल्याकडे जेवला, दोनदा भात मागून घेतला, स्वतःचं ताट धुतलं.

मी बंगालच्या इस्पितळाचा फॉर्म आणलाय. भरलेला नाही. पण भरेन. मी वाट पाहत बसणारी कुणी पौराणिक बाई नाही, बँकेतली आहे. मला तारीख कळते.

प्राची


भूतान
१२ नोव्हेंबर २०२४

बाबा,
जयभीम.

काल आईनं फोनवर सांगून टाकलं. तुम्ही तिला शपथ घातली होती, ती तिनं मोडली, त्यावरून तिला बोलू नका. तुम्ही दूध आणायला गेला होता. ती म्हणाली, "तुझे बाबा तुला लिहीतच नाहीत असं समजू नको. तीन पत्रं लिहिली. तिन्ही परत आली. डाकिया भैया हातात देऊन म्हणतो, 'बाबूजी, आप ही का है, पता अधूरा है.' हे मान खाली घालून घेतात आणि लोखंडी कपाटात ठेवतात."

मी फोन ठेवला आणि तशीच आमच्या फौजी डाकघरात गेले. तिथे हवालदार विष्णू आहे, आपल्या अकोल्याचा. त्याला विचारलं, असं पत्र परत का जातं? त्यानं सांगितलं, "वहिनी, एपीओ म्हणजे गाव नव्हे. एका एपीओखाली शेकडो पलटणी. पहिल्या ओळीत फौजीचा नंबर, हुद्दा, नाव, मग युनिट, तेव्हा कुठे पत्र वाटेला लागतं. नुसतं 'प्राची गजभिये' लिहिलं तर ते इथवर येतच नाही. तिकडूनच परत."

म्हणजे तुम्ही मी पाठीमागे लिहिलेला पत्ता जसाच्या तसा उतरवलात. मी दिला तेवढाच. तीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाला हा पत्ता अपुरा आहे हे दिसलं नसेल? पहिल्याच पाकिटाला दिसलं असेल. तरी तुम्ही तसंच लिहिलंत, तीनदा. पूर्ण पत्ता आईकडे होता. आई म्हणते, प्रत्येक वेळी तुम्ही पाकीट समोर घेऊन बसता, पेन टेकवता, आणि पहिल्या ओळीवर थांबता.

आधी मला तुमचा राग आला. मग घरी येईस्तोवर माझाच आला. शिवाजीचं नाव मी लपवलं म्हणून हे झालं. तुम्ही पाकीट फोडावं म्हणून नवऱ्याचं नाव गाळलं, आणि वर तुमच्यावरच चिडले.

ही माझी पहिली लपवाछपवी नाही. आज दुसरी पण सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा मला हक्क नाही.

त्या दिवशी तुम्ही बरोबर होता. आईनं काचेचे पाच ग्लास भरले होते, सोबत बशीत पेठा. शिवाजी खाली गल्लीत गाडी लावायला जागा शोधत होता. आई आत पोहे करत होती. शिवाजीचे वडील, आबा, म्हणाले, "पोट जड आहे." मग एकेक करून पाचही जणांचं पोट जड झालं. पेठ्यालाही हात लागला नाही. मी हसत होते, बाबा. मला अजून आठवतं, मी हसत होते. तुम्ही दारात फोनवर बोलत होता. मला वाटलं तुमची पाठ आहे. मी ट्रे उचलला, आत नेला, पाचही ग्लास मोरीत ओतले, उलटे घातले आणि बाहेर येऊन म्हणाले, "सगळ्यांनी पाणी घेतलं हं."

शिवाजी वर आला तेव्हा ग्लास पालथे होते. त्याला मी आजवर सांगितलेलं नाही. लग्न मोडू नये म्हणून सांगितलं नाही, नंतर त्याला वडिलांची लाज वाटू नये म्हणून, नंतर सवय झाली म्हणून. तुम्ही तोंडावर बोललात तेव्हा मी तुम्हाला खोटं ठरवलं. गेल्या महिन्यातल्या पत्रातही ठरवलं. आपल्या घरचं पाणी मी माझ्या हातानं मोरीत ओतलं आणि वर तुमचाच गैरसमज म्हणाले. माझं चुकलं. साधं नाही, फार चुकलं.

पण आता ऐका. साताऱ्याला मी बाळंतपणाला जाणार नाही, जोवर ते लोक आपल्याकडे पाणी पीत नाहीत. हे मी ठरवलंय आणि शिवाजीला मीच सांगणार आहे. आणि इंदिरा नगरलाही मी चोरासारखी येणार नाही, 'प्राची गजभिये' असं अर्धं नाव लावून. माझ्या पोटात जे आहे ते तुमचंही आहे आणि शिवाजीचंही. त्याच्या बापाचं नाव तुमच्या घरात घेता येणार नसेल तर मी तिथे कशी राहू? ते मोठं होऊन विचारेल तेव्हा काय सांगू?

म्हणून पाकिटाच्या मागे यावेळी पूर्ण पत्ता लिहिलाय. पहिल्या ओळीत नंबर, नायब सुभेदार, शिवाजी जगदाळे. त्याखाली माझं नाव, युनिट, एपीओ. या पत्त्यावर तुमचं पाकीट आलं तर मी येईन. आत काय लिहिलंय ते मी बघणार नाही, शिव्या लिहा हवं तर. नाही आलं तर दहा डिसेंबरला बंगालचा फॉर्म देणार. त्यात रुसवा नाही. आईला सांगा, रडू नको, तिथले डॉक्टर चांगले आहेत.

प्राची


इंदिरा नगर, लखनौ
२४ डिसेंबर २०२४

प्रिय शिवाजी,

रोज फोनवर बोलतोय, तरी हे पत्र. फोनवर बोललं की तू मध्येच 'जाऊ दे ना' म्हणतोस आणि मी जाऊ देते. हे जाऊ द्यायचं नाही. शेवटपर्यंत वाच, आणि बसून वाच.

प्रवास तुला माहीत आहेच. धुक्यामुळे दिल्लीत विमान तीन तास लटकलं, पाय सुजून भोपळे झाले. अमौसी विमानतळाबाहेर आले तर बाबा माकडटोपी घालून कठड्याला टेकून उभे. दीड वर्षानं भेटलो. थर्मासमधून कोमट पाणी ओतून ग्लास माझ्या हातात दिला आणि मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले का ते बघत उभे राहिले. मग सुगतला म्हणाले, "सामान उठा, देखता क्या है."

सात डिसेंबरला विष्णूनं तुझ्या हातात एक जाड पाकीट दिलं होतं. त्यावर तुझं नाव होतं. तू ते न फोडता घरी आणलंस आणि म्हणालास, "अक्षर बघ, छापल्यासारखं आहे." मी तुला एवढंच सांगितलं, बाबांनी बोलावलंय. आत काय होतं ते सांगितलं नाही. आत बाबांची परत आलेली तीन पत्रं होती, 'अपूर्ण पत्ता' असा शेरा मारलेली, बंद. सोबत एक चिठ्ठी. तिच्यावर फक्त एवढं: 'पत्ता पूर्ण मिळाला. थांबलेली डाक रवाना करत आहे. बाबूराव गजभिये.'

पहिल्या पत्रात दूध, खजूर, आणि नोकरी सोडली नाहीस हे चांगलं केलंस. कॉलनीत सगळ्यांना दुरुस्त करून सांगतो, असंही. दुसऱ्यात आईची सांबारवडीची कृती, तिनं सांगितलेली, त्यांनी अनुक्रमांक घालून उतरवलेली. खाली, 'तू ये. पण कशी ये ते मला लिहिता येत नाही.' तिसऱ्यात एकच ओळ होती: 'पाचही ग्लास भरलेले होते, मी समोरच्या कपाटाच्या काचेत पाहिले, तू खोटं का बोललीस एवढंच सांग.'

त्या ओळीचं उत्तर मी ती वाचण्याआधीच पाठवून बसले होते. आता तुला सांगते.

आपल्या लग्नाच्या आदल्या दिवशी तू खाली गाडी लावत होतास. वर आबांनी आणि बाकीच्या चौघांनी आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. पोट जड आहे म्हणाले. का, ते तुला समजावून सांगायला नको. मी ते पाणी मोरीत ओतलं, ग्लास पालथे घातले आणि सगळ्यांना खोटं सांगितलं. तुलाही. तू आल्यावर विचारलंस, "पाणीबिणी झालं?" आणि मी हो म्हटलं. बाबांनी तुझं नाव दीड वर्ष घेतलं नाही ते यासाठी. तू मला कितीदा विचारलंस, मी त्यांचं काय बिघडवलं? तू काहीच बिघडवलं नव्हतंस. मी तुला ते सांगायला हवं होतं.

तू आता उठून फेऱ्या मारत असशील. मार. पण हे संपव.

काल जेवताना मी बाबांना म्हणाले, शिवाजी फेब्रुवारीत सुट्टीवर येईल, बाळाच्या वेळी. त्यांनी मान हलवली. आई घाबरत घाबरत म्हणाली, "और उनके घर के लोग? पहिलं नातवंड आहे, येतील ना?" सुगतनं मोबाईल खाली ठेवला. बाबांनी वरणाची वाटी संपवली, हात धुतले, परत येऊन खुर्चीत बसले.

म्हणाले, "त्याला लिही. आबांना आणायचं असेल तर घेऊन ये. मी अडवणार नाही. पण ते आल्यावर पाणी मी देणार, माझ्या हातानं. घ्यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं, आणि ते तुझ्या नवऱ्यानं समोर बसून बघायचं. तो खाली गाडी लावत बसणार नाही."

मी म्हटलं, लिहिते.

आज सकाळी मी लिहायला बसले तसे त्यांनी चष्मा लावला आणि पाकीट स्वतःकडे ओढून घेतलं. पत्ता त्यांनी लिहिलाय. पहिल्या ओळीला थांबले नाहीत. तुझा नंबर त्यांना पाठ आहे. मग पाकीट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले,

"अजून एक लिही. यावेळी ग्लास भरलेले राहिले, तर भरलेलेच राहतील. ट्रे तू उचलायचा नाही."

मी हो म्हटलंय. आबांशी बोल, शिवाजी. मी बोलणार नाही, आता ते तुझं काम आहे.

तुझी
प्राची